फिरत्या सांध्यातून वीज कशी जाते?

तुमच्या वर्गात छताला पंखा असेल. तो मिनिटाला दोन-तीनशे फेरे सहज घेतो. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत त्याचे हजारो फेरे होतात. पंख्याला वीज वायरीतून मिळते आणि ती वायर छतात पक्की बसवलेली असते. मग पंखा फिरताना वायरीला पीळ का पडत नाही? ती दोरीसारखी गुंडाळली जाऊन तुटत का नाही?

याचे उत्तर सोपे आहे, पण विचार केल्याशिवाय सुचत नाही. छताच्या पंख्यात ज्या भागाला वीज लागते तो भाग फिरतच नाही. तांब्याच्या तारेची गुंडाळी मधल्या दांड्याला घट्ट बसवलेली असते. वायर त्या दांड्याच्या पोकळीतून खाली उतरते आणि स्थिर गुंडाळीला मिळते. फिरते ते बाहेरचे कवच. त्याला पाती जोडलेली असतात आणि त्या कवचाकडे एकही वायर जात नाही. चुंबकाच्या ओढीने ते नुसते फिरत राहते.

आता टेबलफॅन पाहा. त्याची मान डावीकडून उजवीकडे वळते, म्हणजे मानेबरोबर मोटार आणि मोटारीबरोबर वायरही हलते. तिथे दुसरी युक्ती केलेली असते. वायर थोडी सैल सोडलेली असते. मान एका ठरावीक कोनापर्यंतच जाते आणि परत फिरते. त्यामुळे वायर वाकते, पण तिला पूर्ण पीळ बसत नाही. मोटारगाडीच्या स्टिअरिंगमध्येही अशीच सोय असते. त्यात घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेली चपटी वायर असते. चाक वळवले की ती उलगडते आणि उलट वळवले की पुन्हा गुंडाळली जाते. स्टिअरिंगचे फेरे ठरलेले असतात, म्हणून हे जमते.

पण एखादी वस्तू कोणत्याही दिशेने, कितीही वेळा फिरणार असेल आणि फिरणाऱ्या भागालाच वीज हवी असेल, तर काय करायचे? हा प्रश्न कारखान्यातील मोठ्या यंत्रांपुरताच आहे असे नाही. धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्रातही तो येतो. त्या यंत्राला व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. ‘व्हॅक्यूम’ म्हणजे पोकळी. उर्दूत तुम्ही तिला ‘खला’ म्हणता. खरे तर या यंत्रात पूर्ण पोकळी कधीच होत नाही. आतला पंखा वेगाने हवा बाहेर फेकतो, आत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धूळ घेऊन आत धावते, एवढेच.

हे यंत्र फार जुने नाही. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने १९०१ मध्ये धूळ ओढणारे मोठे यंत्र तयार केले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवरून आणून घरासमोर उभे करावे लागे आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन नावाचे गाव आहे. तिथल्या एका दुकानात जेम्स मरे स्पँग्लर हे सफाईचे काम करत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसवत नसे. त्यांनी पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने ढकलता येईल असे यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे ते हक्क हूव्हर कुटुंबाने घेतले आणि ते नाव जगभर झाले.

स्पँग्लर यांच्या यंत्रात एक महत्त्वाची गोष्ट होती. त्यात हवेच्या ओढीबरोबर एक गोल फिरता ब्रशही होता. सतरंजी किंवा फरशी झाडण्यासाठी नुसती हवा पुरते. पण जाड गालिच्याच्या लोकरीत खोल बसलेली बारीक वाळू नुसत्या हवेने निघत नाही. ती आधी ब्रशने झटकून वर आणावी लागते, मग हवा तिला ओढून नेते. मोठ्या मशिदीतील, सभागृहातील किंवा हॉटेलातील गालिचे हाताने झटकून उन्हात घालणे शक्य नसते. तिथे अशा फिरत्या ब्रशचा चांगला उपयोग होतो.

ज्या यंत्रात मोटार आणि ब्रश एकाच पेटीत असतात, तिथे मोटारीवरून एक पट्टा ब्रशला देता येतो. पण दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात मोटारीची पेटी चाकांवर मागे राहते, मधे दीड-दोन मीटर लवचीक नळी असते आणि पुढे दांडा व तोंड असते. जिन्यावर, पलंगाखाली, कोपऱ्यात जायला हे यंत्र सोयीचे. मात्र पट्टा एवढ्या लांब जाऊ शकत नाही. म्हणून पुढच्या तोंडातच ब्रशसाठी दुसरी लहान मोटार बसवावी लागते. तिला वीज द्यायची तर ती नळीबरोबरच न्यावी लागते.

नळीबरोबर वीज नेण्याची युक्ती मला फार आवडते. नळी लवचीक राहावी, पण हवेच्या ओढीने चेपू नये, म्हणून तिच्या भिंतीत तारेचे वेटोळे घातलेले असते. विजेच्या नळीत याच वेटोळ्याच्या तारांवर दुर्वाहक आवरण चढवून त्यांतूनच वीज नेतात. म्हणजे जी तार नळीला आकार देते तीच वीजही वाहते.

आता अडचण येते ती दोन्ही टोकांना. सफाई करणारा माणूस चालताना वळतो, हात फिरवतो, दांडा उलटा करून पलंगाखाली घालतो. नळी पेटीला घट्ट जोडली असेल, तर प्रत्येक वळणाबरोबर तिला पीळ पडेल. थोड्या वेळात ती सापासारखी वेटोळे घेईल आणि दांडा हातातून निसटू पाहील. त्याहून वाईट म्हणजे आतली तार टोकाजवळ पुन्हा पुन्हा वाकून तुटेल. घरच्या इस्त्रीची वायर पाहा. ती बहुतेक वेळा मधे तुटत नाही, इस्त्रीला चिकटते तिथेच तुटते. कारण सगळे वाकणे त्याच एका जागी होते. म्हणून नळीचे टोक पेटीत मोकळेपणाने फिरले पाहिजे. आणि ते फिरत असताना हवा गळता कामा नये, तसेच वीज खंडित होता कामा नये.

कितीही वेळा फिरणाऱ्या सांध्यातून वीज नेण्याचा उपाय म्हणजे घसरता स्पर्श. फिरणाऱ्या भागावर धातूचे गोल कडे बसवायचे आणि स्थिर भागावर एक स्प्रिंगची पट्टी बसवून ती कड्यावर टेकवून ठेवायची. कडे कितीही फिरले तरी पट्टी त्याच्या कुठल्या तरी भागाला टेकलेलीच असते. विजेला जायला एक वाट आणि यायला एक वाट लागते, म्हणून दोन कडी आणि दोन पट्ट्या. अशा कड्याला स्लिप रिंग म्हणतात.

घसरता स्पर्श तुम्ही पाहिलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. तेव्हापासून आजपर्यंत विजेची गाडी वरच्या तारेला खालून घासत, वीज घेत पळते. इअरफोनची पिन हे त्याचे लहान रूप आहे. पिनेवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले धातूचे भाग दिसतात. ती खोबणीत गोल फिरवली तरी गाणे थांबत नाही, कारण आतल्या पट्ट्या त्या भागांना टेकूनच असतात.

मग नळीच्या टोकाला इअरफोनसारखीच पिन लावून काम का भागत नाही? इथे खरी गंमत आहे. फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष, म्हणजे ‘महवर’, ही विजेसाठी सर्वांत चांगली जागा. तिथे पिन बारीक ठेवता येते आणि घर्षण कमी होते. पण नळीत ती जागा आधीच धुळीने घेतलेली आहे! मधून हवा आणि कचरा जातो. तिथे पिन ठेवली तर केस आणि धागे तिला अडकतील आणि थोड्याच दिवसांत वाट बंद होईल. म्हणून विजेला बाहेरून जावे लागते आणि कडी हवेच्या वाटेपेक्षा मोठी करावी लागतात. कड्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर त्याचा परीघ सुमारे १५.७ सेंटिमीटर होतो. म्हणजे एका फेऱ्यात पट्टी तेवढी घासली जाते. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर तीच घसर सुमारे १.१ सेंटिमीटर असते.

सुदैवाने नळी पंख्यासारखी भरभर फिरत नाही. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, एवढेच तिचे फिरणे. त्यामुळे येथे वेगाने होणाऱ्या झिजेची भीती फारशी नाही. भीती आहे ती स्पर्श सुटण्याची.

ही गोष्ट नीट समजून घ्या. समजा ब्रशची मोटार ११५ वॅटची आहे आणि घरातील वीज २३० व्होल्टची आहे. ११५ भागिले २३०, म्हणजे अर्धा ॲम्पिअर विद्युतधारा सांध्यातून जाईल. स्पर्श स्वच्छ असेल आणि त्याचा रोध ०.१ ओहम असेल, तर तिथे निर्माण होणारी उष्णता ०.५ × ०.५ × ०.१ म्हणजे ०.०२५ वॅट. एवढी उष्णता हाताला कळणारही नाही. आता पट्टी सैल झाली, मधे धूळ बसली आणि रोध १० ओहम झाला असे धरा. उष्णता २.५ वॅट होईल. हा आकडा लहान वाटतो. पण ही उष्णता मोहरीएवढ्या जागेत निर्माण होते आणि भोवती प्लास्टिक व लोकरीची पिसे असतात. त्यातच पट्टी क्षणभर उचलली गेली की ठिणगी पडते. ठिणगीने कड्यावर काळा डाग पडतो, डागामुळे रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. एकदा बिघडू लागलेला सांधा असा स्वतःलाच आणखी बिघडवतो.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात व्होल्ट कमी असतात, म्हणून झटक्याची भीती कमी. पण म्हणून तिथे सांधा कसाही चालेल असे समजू नका. तीच ११५ वॅटची मोटार २३ व्होल्टवर चालवायची तर ५ ॲम्पिअर धारा लागेल. मग ०.१ ओहमच्या स्वच्छ स्पर्शातही ५ × ५ × ०.१ म्हणजे २.५ वॅट उष्णता होईल. धारा दहापट झाली की उष्णता शंभरपट होते. तेव्हा कमी व्होल्टच्या सांध्याला अधिक रुंद आणि अधिक दाबाचा स्पर्श द्यावा लागतो.

मग दाब किती ठेवायचा? स्प्रिंग फार कडक केली तर नळी जड फिरेल आणि कडे खरवडले जाईल. फार मऊ केली तर धक्क्याने स्पर्श सुटेल. पट्टीसाठी नुसते तांबे चालत नाही. तांबे विजेचे उत्तम सुवाहक आहे, पण वाकवले की वाकलेलेच राहते. म्हणून तांब्यात थोडे कथील आणि किंचित फॉस्फरस मिसळून केलेला फॉस्फर ब्राँझ हा मिश्रधातू वापरतात. त्यातून वीज तांब्यापेक्षा कमी सहज जाते, पण तो वर्षानुवर्षे आपला ताण टिकवतो. थोडीशी घासणूक उपकारकच असते. दर वेळी नळी फिरली की पट्टी कड्यावरची धूळ पुसून काढते.

सांधा बनवणाऱ्याने यंत्राबरोबर माणसाची सवयही ओळखावी लागते. यंत्र पुढे न्यायचे असले की बहुतेक लोक पेटीची मूठ धरत नाहीत, नळीच धरून ओढतात. कधी सरळ ओढतात, कधी आडवी. आडव्या ओढीने कडे एका बाजूला सरकते. त्या बाजूची पट्टी दाबली जाते आणि समोरच्या बाजूची सुटते. म्हणून शहाणा इंजिनिअर प्रत्येक कड्याला एकच पट्टी देत नाही. तो दोन देतो, आणि त्या शेजारी शेजारी न ठेवता समोरासमोर ठेवतो. एक सुटली तरी दुसरी त्याच क्षणी अधिक घट्ट बसते. सरळ ओढीचाही विचार करावा लागतो. दोन कडी चपट्या तबकडीवर, एकात एक अशी वर्तुळे काढून बसवता येतात. तसे केले तर सांधा आखूड होतो, पण नळी ओढली की तबकडी पट्ट्यांपासून दूर जाते. त्याऐवजी हातातील बांगड्यांप्रमाणे कडी नळीवर एकामागे एक बसवली आणि ती रुंद ठेवली, तर नळी दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी पट्टी कड्यावरच राहते. अशा यंत्रासाठी मला तरी बांगड्यांची रचना बरी वाटते.

दोन कड्यांच्या मधे दुर्वाहक प्लास्टिक असते. पण त्यावर ओलसर धूळ साचली की वीज त्या धुळीवरून चोरवाट काढू लागते. म्हणून मधे प्लास्टिकचा उंच कठडा ठेवतात. शेतातील बांधावर चढून पलीकडे उतरावे तशी वीजेची वाट लांब होते. हवेची वाट आणि विजेची कडी यांच्यामध्येही रबराचे कडे बसवतात. आत हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत शिरू पाहते. रबर नसेल तर ती हवा कड्यांवरूनच जाईल आणि जाता जाता तिथे धूळ ठेवून जाईल.

एक नियम मात्र कधीही मोडता येत नाही. नळी पेटीतून काढून बाजूला ठेवली तेव्हा कोणत्याही उघड्या धातूत वीज असता कामा नये. म्हणून वीज देणाऱ्या बाजूला नेहमी खोल छिद्रे असतात आणि वीज घेणाऱ्या बाजूला पिना. भिंतीतील सॉकेटला छिद्रे असतात आणि प्लगला पिना, ते याच कारणाने. तोंडाचा बाहेरचा भाग धातूचा असेल तर तिसरे कडे लागते, ते जमिनीच्या जोडणीचे, म्हणजे अर्थिंगचे. हे कडे सर्वांत आधी जुळले पाहिजे आणि सर्वांत शेवटी सुटले पाहिजे. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब का असते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. पुष्कळ यंत्रांवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. त्यांना विजेपासून दुहेरी आवरण दिलेले असते, म्हणून तिथे दोन कडी पुरतात.

असा सांधा बिघडला की काही लोक कडी काढून टाकतात आणि वायरी सरळ पिळून त्यावर चिकटपट्टी लावतात. यंत्र चालते, पण नळी फिरताना तोच पीळ आता त्या उघड्या जोडावर बसतो. ते यंत्र ज्याच्या हातात असते त्याला हे ठाऊकही नसते. तसेच विजेच्या नळीतून पाणी कधीही ओढायचे नसते. कोरड्या धुळीसाठी बनवलेली कडी पाण्यापुढे टिकत नाहीत.

ज्यांना हा सारा खटाटोप नको त्यांनी आणखी एक तोड काढली आहे. तोंडात मोटारीऐवजी एक लहान पंखाचक्र ठेवायचे. आत ओढली जाणारी हवाच ते फिरवते आणि त्याला जोडलेला ब्रश फिरतो. वीज नाही, कडी नाहीत, ठिणगी नाही. पण पिशवी धुळीने भरत आली की हवा मंदावते आणि ब्रशही मंदावतो. जाड गालिच्यावर तर तो अडकूनच बसतो.

फिरता सांधा तुम्ही स्वतः करून पाहू शकता. त्यासाठी घरातील वीज मुळीच वापरू नका. टॉर्चचे दोन सेल आणि टॉर्चचा एक बल्ब पुरे. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर दोन बोटांचे अंतर सोडून तांब्याच्या उघड्या तारेचे दोन घट्ट पट्टे गुंडाळा. प्रत्येक पट्ट्यापासून एक वायर नळकांड्याच्या आतून नेऊन टोकावर बसवलेल्या बल्बला जोडा. सेलच्या दोन टोकांना पितळेच्या दोन पातळ पट्ट्या जोडा आणि त्या दोन पट्ट्यांवर हलकेच टेकवून नळकांडे फिरवा. बल्ब नळकांड्याबरोबर फिरेल आणि पेटलेला राहील. मग नळकांडे आडवे हलवून पाहा. बल्ब लुकलुकू लागला, तर प्रत्येक तारेच्या पट्ट्याला समोरच्या बाजूने आणखी एक पितळी पट्टी जोडा आणि पुन्हा हलवा. शेवटी तारेवर चिमूटभर धूळ टाका, पाच-सहा फेरे द्या, आणि बल्बचा प्रकाश कोणत्या फेऱ्याला सुधारतो ते वहीत लिहा.